बनाना, बंपर, स्की : बोटीत मागे बघणारा माणूस आहे का?

ओवी_ठाणे

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी लिहितेय आणि जरा मोठं लिहितेय. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे अकरा जण रायगडातल्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे त्या एका जागेपुरतं नाहीये, आपल्या सगळ्या किनाऱ्यांवर थोडंफार असंच चालतं.

पाच राईडचं पॅकेज घेतलं, घासाघीस करून बऱ्यापैकी खाली आणलं. बनानावर, म्हणजे बोटीने दोराने ओढायच्या केळ्यासारख्या लांब फुग्यावर, सहा जण बसलो, मी, नवरा, दीर, जाऊ, नणंदेचा मुलगा आणि नऊ वर्षांची पुतणी. जॅकेटं त्यांनी ढिगातून उचलून दिली, पुतणीच्या जॅकेटचं एक बक्कल तुटलेलं होतं तिथे सुतळी बांधली होती, आणि साईज मोठ्या माणसाचीच. बोटीत एकटा चालवणारा. पलटी मारणार हे कोणी सांगितलंच नाही. आत गेल्यावर बोटीने एकदम वळण घेतलं आणि सगळे पाण्यात.

मी वर आले, तोंडातलं पाणी थुंकलं आणि डोकी मोजली तर पाच. पुतणी बनानाच्या खाली होती. जॅकेट ढिलं असल्यामुळे ते वर सरकून तिच्या कानापर्यंत आलं होतं, हात वर अडकलेले, आणि तेच जॅकेट तिला खालून बनानाला चिकटवून धरत होतं. दिराने बुडी मारून पाय धरून ओढलं म्हणून ती बाहेर आली. हे सगळं होईपर्यंत बोट पुढेच चालली होती! त्याने मागे वळून बघितलं ते चांगलं लांब गेल्यावर. मग आला तो इंजिन चालू ठेवून, बोटीची मागची बाजू आमच्याकडे करून, जाऊबाईंचा पाय इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यापासून हातभर अंतरावर होता, मी स्वतः बघितलंय.

कोणालाही काही झालं नाही. पोरगी खोकली, उलटी केली, मग बसली. किनाऱ्याला आलो तेव्हा पुढची सहा माणसं बसायला तयार होती, त्यात एक छोटा मुलगाही होता. मी त्यांच्यातल्या बाईंना जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि तरी बसल्या.

ठाण्याला आल्यापासून मी याच्यावर मिळेल ते वाचतेय. माझं मत असं झालंय की बसण्याच्या वेळी जे होतं त्यापेक्षा पडल्यानंतरच्या दोन-चार मिनिटांत जे होतं ते जास्त महत्त्वाचं, आणि त्याचा विचार ना आपण करतो ना बरेच बोटवाले. इथे बोटवाले, डॉक्टर, परदेशात स्की करणारे कोणी असतील तर प्लीज लिहा.

सह्याद्री_भटक्या

बापरे. पुतणी बरी आहे ना आता? आम्ही दरवर्षी जातो आणि आजपर्यंत मला वाटायचं जॅकेट घातलं की झालं.

ओवी_ठाणे

बरी आहे, शाळेत जातेय. पण आंघोळीला डोक्यावरून पाणी घ्यायला नको म्हणते.

लेकसाईड_मिनेसोटा

ओवीताई, वाचून काटा आला. मी मूळचा साताऱ्याचा, चौदा वर्षं मिनेसोटात आहे, इथे उन्हाळा म्हणजे तलाव, बोट आणि मागे दोराला कोणीतरी. वॉटर स्कीचा जन्मच इथला, १९२२ मध्ये लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएल्सन नावाच्या पोराने दोन फळ्या पायाला बांधून पहिल्यांदा केलं, भाऊ बोट चालवत होता. फळ्यांची पुढची टोकं पाण्याच्या वर ठेवायची आणि मागे रेलायचं हे त्याला बऱ्याच वेळा पडून कळलं, आजही नवशिक्याला पहिला धडा तोच देतात, गुडघे वाकवून छातीशी, हात सरळ, स्वतः उठायला जाऊ नको, बोट उठवेल. आणि तोल गेला की दोर लगेच सोड. लोक अडकतात ते हट्टाने धरून ठेवतात म्हणून.

तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर इथल्या कायद्यातच आहे. ओढणाऱ्या बोटीत चालकाशिवाय दुसरा माणूस पाहिजे जो फक्त मागे बघेल, किंवा मग रुंद दिसणारा आरसा तरी पाहिजे. मी स्वतः आरशावर कधीच जात नाही. चालकाने पुढे बघायचं, समोर कोणी पोहत असेल, दुसरी बोट येत असेल. एकाच माणसाने दोन्हीकडे बघायचं म्हटलं तर कुठलीतरी एक दिशा आंधळी राहणारच.

तो मागे बघणारा आणि स्कीवाला बोलतात हातांनी, कारण इंजिनात आवाज ऐकू येत नाही. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर. गळ्यावरून आडवा हात फिरवला म्हणजे इंजिन बंद. डोक्यावर थापटलं म्हणजे परत चला, दमलो. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण पडल्यावरची, दोन्ही हात डोक्यावर जोडायचे म्हणजे मी ठीक आहे. ही खूण दिसली नाही तर माणूस जखमी आहे असंच धरून बोट वळवतात. स्कीवाला पडला तर एक स्की पाण्यातून उभी धरतो, नाहीतर लाटांत नुसतं डोकं दुसऱ्या बोटीला दिसत नाही. तुम्ही जे डोकी मोजलीत ना, ते काम खरं तर त्या दुसऱ्या माणसाचं होतं.

देवबाग_तांडेल

नमस्कार. मी देवबागचो. आमची दोन बोटी आहेत, कर्ली खाडीच्या तोंडाला त्सुनामी आयलंड म्हणतात त्या वाळूच्या बेटाकडे राईड करतो. ताईंनी लिहिलं ते खोटं नाही, म्हणून राग आला नाही. पण आमची बाजूपण ऐका.

माझ्या प्रत्येक बोटीवर दोन माणसं असतात, एक चालवणारा आणि एक मागे तोंड करून बसलेला पोरगा जो पोहणारा आहे. त्या पोराची दिवसाची मजुरी आहे, त्याचं जेवण आहे. पर्यटक येतो आणि विचारतो पाच राईडचे किती, शेजारचा शंभर कमी घेतो. शेजाऱ्याकडे तो पोरगा नाही. पर्यटक शेजाऱ्याकडे जातो. तुम्ही पॅकेज घासून खाली आणलं असं लिहिलंय, ताई वाईट वाटून घेऊ नका, पण त्या घासलेल्या पैशात पहिला जातो तो मागे बघणारा माणूस. मग नवीन जॅकेटं जातात. पेट्रोल तर कमी करता येत नाही ना.

आता पलटीचं. पलटी मी मारतो पण विचारून. निघायच्या आधी हात वर करायला सांगतो, पोहता येत नाही कोणाला, पाण्याला घाबरतं कोण, पाठीचं दुखणं, गरोदर बाई. एकानेही नको म्हटलं तर पलटी नाही, सरळ नेऊन सरळ आणायचं. आठ वर्षांखालचं पोर मी बनानावर घेतच नाही, आईबाप कितीही म्हणोत. आणि पलटी मारायची ती खोल पाण्यात, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वाळूचा पट्टा वर येतो तिथे कंबरभर पाण्यात माणूस डोक्यावर पडला तर मान जाते.

पडल्यावर माझा नियम असा, बोट लगेच वेग उतरवते, सावकाश वळून वाऱ्याच्या बाजूने येते आणि माणसं चालकाच्या बाजूला दिसतील अशी. जवळ आली की इंजिन बंद. न्यूट्रल नाही, बंद. न्यूट्रलला पंखा फिरत राहू शकतो आणि लाटेच्या हिसक्याने गिअर पडायला वेळ लागत नाही. शिडीवरून माणसं आत घेतली, मोजली, मग चावी.

वारो सुटलो काय आमचो धंदो बंद. गिऱ्हाईक ओरडतं, ओरडू दे.

लेकसाईड_मिनेसोटा

तांडेलदादा, तुमच्यासारखे सगळे असते तर हा धागा लागला नसता. इंजिन बंदबद्दल एक साधं गणित देतो, तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३२०० फेरे फिरत असला तर सेकंदाला १६० वेळा पातं एकाच जागेवरून जातं. पाय मागे घ्यायला वेळच मिळत नाही. आणि ती लाल गुंडाळलेली दोरी, जी चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवतात आणि चालक पडला की इंजिन आपोआप बंद होतं, ती अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. भारतात बऱ्याच बोटींच्या इंजिनाला ती दोरी असते पण मी आलो तेव्हा ती स्विचलाच कायमची लटकवून ठेवलेली पाहिली. चालक वळणावर बाहेर फेकला गेला तर ती बोट गोल गोल फिरत पाण्यातल्या माणसांवरच येते.

कॉफी_विथ_समुद्र

मला थोडं वेगळं वाटतं. इतके प्रश्न विचारत बसलो तर मजा काय राहिली? लाखो लोक दर सीझनला बसतात. पावसाळ्यात सगळं बंद असतं, मग या लोकांना जेमतेम काही महिने मिळतात, त्यात असे धागे वाचून लोक जायचे थांबले तर कोकणातल्या माणसाच्याच पोटावर पाय येतो. अपघात रस्त्यावरही होतात.

ओवी_ठाणे

मी जाऊ नका असं कुठेच लिहिलं नाहीये. मी परत जाणार आहे. पण "लाखो लोक बसतात" हे मला पटत नाही, कारण आमचंही त्या लाखातच मोजलं जाणार, काही झालं नाही म्हणून. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले, १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली तेव्हा कितीतरी लोकांच्या अंगात जॅकेट नव्हतं, त्यानंतर तिथे ते सक्तीचं झालं. प्रत्येक नियम कोणीतरी गेल्यावरच का यावा? आणि पोटावर पाय म्हणाल तर वर तांडेलदादांनी लिहिलंय ते परत वाचा. प्रश्न विचारणारे पर्यटक वाढले तर नुकसान त्यांचं होत नाही, त्यांच्या शेजाऱ्याचं होतं.

देवबाग_तांडेल

बरोबर बोललात.

डॉ_मीरा_के

मी जनरल सर्जन आहे, कोकणातल्या तालुक्याच्या गावी काही वर्षं प्रॅक्टिस केली, त्यामुळे सीझनला हे सगळं ओपीडीत बघितलंय. थोडं मोकळेपणाने लिहिते.

बनानावर सर्वात जास्त दिसणारी इजा म्हणजे एकमेकांवर आपटणं. पुढच्याचं डोकं मागच्याच्या नाकावर, दातावर. म्हणून मुलांना मोठ्यांच्या मध्ये दाटून बसवू नका, ऐंशी किलोचा माणूस अंगावर पडतो. पाण्यावर कान आपटून पडदा फाटणं हेही बरंच. दुसरं म्हणजे बोटं. दोराची कडी, हँडल यात अंगठी अडकून बोटाची कातडी सोलून निघते, काही वेळा बोट वाचत नाही. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र, पैंजण सगळं काढून ठेवा. बायका मंगळसूत्र काढत नाहीत, मला कळतं का ते, पण निदान त्या अर्ध्या तासापुरतं आईकडे, सासूबाईंकडे द्या. ओढणी, साडी, सैल कुर्ता नको. हात कधीही दोरात गुंडाळायचा नाही, हँडलच्या त्रिकोणातून हात किंवा डोकं घालायचं नाही.

अजून एक, जे कोणी बोलत नाही. स्कीवर किंवा जेट स्कीवरून मागे, बसल्यासारखं वेगात पाण्यावर पडलं की पाण्याचा दाब गुदद्वारातून आणि बायकांमध्ये योनीमार्गातून आत जातो आणि आतून गंभीर जखमा होतात. नुसता स्विमसूट त्याला थांबवत नाही. म्हणून जाड निओप्रीनची, म्हणजे रबरासारख्या कापडाची, शॉर्ट घालायची. लाजून न सांगता घरी गेलेली पेशंट दुसऱ्या दिवशी खूप वाईट अवस्थेत आलेली मी पाहिलीय, रक्तस्राव किंवा पोटात दुखलं तर तिथूनच सरळ हॉस्पिटल.

नाकातोंडात पाणी जाऊन खोकला थांबत नसेल, दम लागत असेल, मूल सुस्त वाटत असेल तर "होईल बरं" म्हणून हॉटेलवर नेऊ नका. डोक्याला मार लागला असेल तर एक-दोन दिवस लक्ष ठेवा, उलट्या, गोंधळणं, वाढती डोकेदुखी असेल तर लगेच दाखवा.

आणि कृपा करून बुडालेल्या माणसाला उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढू नका!! पोट दाबलं की पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जातं. श्वास नसेल तर सपाट झोपवायचं, हनुवटी वर करून आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि मग छाती दाबायची. बुडालेल्याला आधी हवा लागते. ११२ लावा, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

सह्याद्री_भटक्या

डॉक्टर, हे सगळं पहिल्यांदाच वाचतोय. बायकोला वाचायला दिलं.

जॅकेटबद्दल कोणीतरी नीट सांगा ना, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून मला कसं कळणार की चांगलं आहे की वाईट?

जीवरक्षक_गोवा

मी सांगतो. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, गोव्यात लाईफगार्ड म्हणून होतो, आता पोहणं शिकवतो. गोव्यात केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे लाईफ सेव्हिंगचे आणि पॉवरबोट चालवण्याचे कोर्स होतात. बोटवाल्याला विचारलं की कुठे शिकलास, तर शिकलेला माणूस अभिमानाने सांगतो, न शिकलेला चिडतो. एवढ्यावरून बरंच कळतं. महाराष्ट्रात परवाना सागरी मंडळाकडून असतो, लोक अजून बंदर खातं म्हणतात. बघायला मागा, तुमचा हक्क आहे.

जॅकेट घातल्यावर सगळी बक्कलं लावायची आणि दुसऱ्याला सांगायचं खांद्याला धरून वर उचल. हनुवटीच्या किंवा कानाच्या वर गेलं तर ते पाण्यातही तसंच जाणार, ओवीताईंच्या पुतणीचं झालं ते हेच. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा पाहिजे. मग फोम दाबून बघा, कडक किंवा चपटा झाला असेल, चुरा होत असेल तर ते जॅकेट नुसता रंगीत कपडा आहे. शिवण उसवलेली, सुतळी बांधलेली, सरळ परत द्या.

आतल्या लेबलवर जॅकेट किती जोराने तरंगवतं त्याचा न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० चं म्हणजे पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत, बेशुद्ध माणसाला ते उताणं करेलच असं नाही. स्की करणारे तेच घालतात कारण हालचाल करता येते आणि आपटल्यावर छाती वाचते, पण तिथे बोटीत मागे बघणारा असतो आणि स्कीवाल्याला पोहता येतं. १०० चं शांत पाण्यात माणसाचं तोंड वर ठेवायच्या हिशोबाने बनवलेलं असतं. पोहता न येणाऱ्याने ५० वर समाधान मानू नये हे माझं मत. आपल्याकडे लेबल पुसलेलं किंवा नसलेलं जास्त, मग उचलून बघायची परीक्षा तरी करा.

आणि पाण्यात पडल्यावर पहिलं काम, दोन्ही हातांनी जॅकेटचे खांदे खाली ओढून धरायचे, पाय वर घ्यायचे, तोंड वर. बनानाखाली आलात तर वर ढकलत बसू नका, हाताने चाचपडत आडवे बाजूला सरका, ती रुंदीला जास्त नसते. हे मुलांना आधी वाळूवर करून दाखवा, खेळ म्हणून करतात ती.

लेकसाईड_मिनेसोटा

दोराचं राहिलं. बंपर किंवा ट्यूब, म्हणजे बसायचे हवा भरलेले फुगे, ओढताना दोरावर जो ताण येतो तो माणसांच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त. इथे एका माणसासाठी निदान ६८० किलोला न तुटणारा दोर वापरतात, चौघांसाठी १८६० किलो. तुटला की ताणलेला दोर चाबकासारखा बोटीत मागे येतो, मागे बघणाऱ्याच्या तोंडावर. नांगराचा नायलॉनचा दोर यासाठी नकोच, तो जास्त ताणतो आणि पाण्यात बुडतो, मग पंख्यात जातो. तरंगणारा पाहिजे. गाठी मारून जोडलेला दोर दिसला तर बसू नका, गाठीपाशी दोर खूप कमजोर होतो.

वळणावर बोट बेताच्या वेगाने असली तरी मागची ट्यूब बाहेरच्या बाजूला फेकली जाते आणि तिचा वेग त्याहून बराच जास्त होतो. चालकाला वाटतं आपण हळू आहोत. जेटी, खडक, उभी बोट यांच्याजवळ वळण घेणं म्हणून धोक्याचं, ट्यूबला ब्रेक नसतो ना सुकाणू.

देवबाग_तांडेल

दोर मी दर सीझनला नवीन घेतो. पॅरासेलिंगवाल्यांनी तर जास्त जपायला पाहिजे, मीठ आणि ऊन दोर आतून खातं, वरून चांगला दिसतो. खारे वारे दुपारनंतर जोर धरतात, तेव्हा ती छत्री वर पाठवू नये असं माझं मत. पैसे भरले म्हणून वर जायचंच असं नसतं, वारा वाढला तर पैसे परत मागा.

ओवी_ठाणे

सगळ्यांना खरंच मनापासून थँक्यू. तांडेलदादा, घासाघीशीचं तुम्ही लिहिलंत ते लागलं, पण खरं आहे. त्या दिवशी पैसे कमी केल्याबद्दल मीच सगळ्यात खूश होते. मी घरच्या ग्रुपवर हे लिहून टाकलंय की यापुढे आधी दोन माणसं आहेत का विचारायचं, मगच रेट विचारायचा.

जीवरक्षकदादा, तुम्ही सांगितलेलं सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये करून बघितलं. पुतणीला बरोबर मापाचं जॅकेट घालून उथळ बाजूला उभं केलं, दीर हात धरून होता. खांदे धरून पाय वर घ्यायला तिला चार वेळा लागले. पाचव्यांदा तिने हात सोडायला सांगितलं.

जीवरक्षक_गोवा

शाब्बास पोरी. घाई करू नका, तिने स्वतः म्हटल्यावरच समुद्र.

निशा_पनवेल

सगळा धागा एका दमात वाचला. आम्ही उद्याच नागावला निघतोय, दोन मुलं आहेत १० आणि १३ ची. जॅकेट, दुसरा माणूस, पलटी नाही हे सगळं विचारणार. पण भरती-ओहोटीचं कसं बघायचं? किती वाजता बसणं बरं?

देवबाग_तांडेल

ताई, तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. हा आपला जुना हिशोब आहे, मुंबई-अलिबागकडे चांगला बसतो, आमच्याकडे दक्षिणेला भरती थोडी आधी येते. उद्या एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठला पाणी भरलेलं, अडीचच्या सुमाराला पूर्ण सुकती. सकाळी वारापण कमी असतो. आठ ते साडेनऊमध्ये उरका, पाणी मागे सरायला लागलं की खोली विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त, तेव्हा पोरांना नको. एकादशीला ठीक आहे, भांगाचं, म्हणजे कमी ओढीचं पाणी असतं. तरी तिथल्या माणसाला एकदा विचारून घ्या.

निशा_पनवेल

आठला पोचायचं म्हणजे साडेपाचला निघावं लागेल. गजर लावला. संध्याकाळी येऊन लिहिते काय काय विचारलं आणि कोण काय म्हणालं ते.